चित्र ओलं असताना मूल रडतं, तेव्हा…

१४ नोव्हेंबर २०२५ ला दिल्लीत साहित्य अकादमीचे बालसाहित्य पुरस्कार दिले गेले. मराठीचा मान सुरेश सावंत यांच्या ‘आभाळमाया’ला मिळाला. त्याचे फोटो आणि अभिनंदनाचे निरोप तेव्हा सगळ्यांच्या मोबाइलवर येऊन गेले असतील. बरोबर आठवड्यानं, २१ तारखेला, चार कामगार संहिता देशभर लागू झाल्या आणि प्रसूती रजा, पाळणाघर, गिग कामगार यांवर वाहिन्यांवर चर्चा झडल्या. वर्तमानपत्रात या दोन बातम्यांची पानं वेगळी असतात. पण काही घरांत हे दोन्ही विषय एकाच टेबलावर असतात. लहान मुलांसाठी पुस्तकं लिहिणारी, त्यांतली चित्रंही काढणारी आणि पायाशी स्वतःचं दोन-तीन वर्षांचं मूल घुटमळत असलेली बाई अशा घरात राहते. हा लेख तिच्याबद्दल आहे.

ती कुठेही गेली तरी तिला दोन वाक्यं ऐकावी लागतात. ‘हे सगळं कसं सांभाळता हो?’ आणि ‘घरातच मूल म्हणजे गोष्टींची खाणच की!’ दोन्ही कौतुकानंच म्हटलेली असतात. पण अँडरसन, लुईस कॅरल, बिअ‍ॅट्रिक्स पॉटर, मॉरिस सेंडाक, डॉ. स्यूस या कुणालाच स्वतःचं मूल नव्हतं. तेव्हा मूल असणं ही या कामाची पात्रता नव्हे. मूल घरात असताना पुस्तक पुरं होणं ही मात्र फार कठीण गोष्ट आहे, आणि ते पुरं होतं की नाही हे प्रतिभेइतकंच व्यवस्थेवर ठरतं. वेळ कुणाचा, पैसा कुणाचा, चित्राचा हक्क कुणाचा, या तीन प्रश्नांची उत्तरं बाईच्या बाजूनं असतील तर पुस्तक होतं. नसतील तर ते पुस्तक कधी जन्मणार होतं हेही कुणाला कळत नाही.

लिखाण थांबतं, रंग थांबत नाही

लेखन आणि चित्र या दोन कामांत एक मोठा फरक आहे, आणि तो बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. गोष्ट डोक्यात घेऊन फिरता येते. कुकरच्या शिट्ट्या मोजताना, मुलाला थोपटताना एखादं वाक्य जमून जातं. स्वीडिश लेखिका अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेन यांची पिप्पी या मुलीची गोष्ट अशीच तयार झाली. १९४१ मध्ये त्यांची सात वर्षांची लेक कारिन न्यूमोनियानं आजारी होती. तिनं स्वतःच एक नाव रचलं आणि त्या मुलीची गोष्ट सांग म्हणून हट्ट धरला. पुढची तीन वर्षं ती गोष्ट तोंडीच राहिली. १९४४ च्या मार्चमध्ये बर्फावर घसरून लिंडग्रेन यांचा घोटा मुरगळला, सक्तीनं पडून राहावं लागलं, तेव्हा कुठे ती शॉर्टहँडमध्ये कागदावर उतरली. एका प्रकाशकाचा नकार पचवून १९४५ मध्ये पुस्तक आलं. जगभर गाजलेल्या पुस्तकाला निवांत वेळ मिळाला तो दुखापतीमुळे, हे विसरता कामा नये.

चित्राला तेवढीही सवलत नसते. त्याला टेबल लागतं, दिवसाचा उजेड लागतो आणि मुलाचा हात पोचणार नाही अशी जागा लागते. जलरंगाचंच बघा. ओल्या कागदावर ओला रंग सोडला की तो पसरतो. तो कुठवर पसरू द्यायचा हे ठरवायला हाताशी दोन-तीन मिनिटं असतात. नेमकं तेव्हाच आतून रडणं ऐकू आलं आणि चित्रकार उठली, तर परत येईपर्यंत रंगानं कडक कड धरलेली असते. पाणी लावून ती काढायला जावं तर कागदाची लव उठते. मग नवा कागद भिजवायचा, फळीवर ताणून चारही बाजूंनी पट्टी चिकटवायची आणि वाळायची वाट बघायची. तोवर मुलाची दुपारची झोप झालेली असते.

असं एकदाच करून भागत नाही. चित्रपुस्तक साधारण ३२ पानांचं असतं, कारण छपाईचे सोळा पानांचे दोन फॉर्म त्यात नीट बसतात. आधी स्टोरीबोर्ड, मग रफ, मग डमी आणि शेवटी फायनल. गोष्टीतल्या मुलीची वेणी, फ्रॉकच्या चौकडी, पडलेला दात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तोच राहायला हवा. चौथं पान जूनमध्ये झालं, मग घरातल्या बाळाला ताप आला आणि विसावं पान सप्टेंबरमध्ये हाती घेतलं, तर त्वचेचा तोच रंग पुन्हा कालवून जुळवता जुळवता दिवस जातो. टॅबलेटवर काम करणाऱ्यांची यातून बरीच सुटका झाली आहे, कारण तिथे चित्र अर्धवट सोडून उठता येतं. पण ती स्क्रीन मुलालाही हवी असते.

‘तोत्तोचान’मधली चित्रं

मराठी घरांत ‘तोत्तोचान’ हे जपानी पुस्तक ठाऊक नाही असं सहसा होत नाही. चेतना सरदेशमुख-गोसावी यांच्या अनुवादानं ते पुस्तक आपलंसं केलं. त्यातली विरघळत्या कडांची, मोठ्या टोपीखालून बघणारी मुलं ज्यांनी रंगवली त्या चिहिरो इवासाकी यांचं आयुष्य मात्र आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

इवासाकींचा जन्म १९१८ चा. युद्धानंतर त्या टोकियोत एकट्या आल्या, वृत्तपत्रात काम करता करता चित्रं काढत राहिल्या. १९५० मध्ये मात्सुमोतो झेनमेई यांच्याशी लग्न झालं. नवरा वकिलीचा अभ्यास करत होता आणि घर चालत होतं ते इवासाकींच्या चित्रांवर. १९५१ मध्ये ताकेशी जन्मला. खोली लहान, हातातोंडाची गाठ कशीबशी पडत होती. तान्ह्या मुलाला जवळ ठेवून काम उरकेना आणि काम सोडलं तर खायचं काय, हा प्रश्न. शेवटी दोन-तीन महिन्यांच्या बाळाला नागानो भागातल्या मात्सुकावा गावी आईवडिलांकडे ठेवावं लागलं. पैसे जमले की आगगाडीनं तिकडे जायचं, मुलाला बघायचं, त्याची रेखाटनं करायची आणि परतायचं. पुढच्या वर्षी टोकियोच्या नेरिमा भागात छोटं घर उभं राहिलं, तेव्हा मुलगा परत आला.

त्यांच्या बाळांच्या चित्रांबद्दल जाणकार एक गोष्ट आवर्जून सांगतात. दहा महिन्यांचं मूल आणि वर्षाचं मूल यांतला फरक त्या समोर मॉडेल नसताना दाखवू शकत. दहा महिन्यांचं बाळ बसतं कसं, तोल सावरताना त्याची पाठ कशी गोल होते, हे त्यांच्या हातात होतं. ही नजर केवळ आईपणातून आली असं म्हणणं मला पटत नाही. प्रत्येक आई मूल बघते, पण प्रत्येकीच्या हातात पेन्सिल नसते आणि वर्षानुवर्षांचा रियाजही नसतो. मुलाच्या सहवासानं या कलावंताला विषय दिला, आणि त्याच मुलाला दूर ठेवून तिला कामाचा वेळ मिळवावा लागला. दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या आहेत, आणि आपण पहिलीच तेवढी सांगतो.

पुढची गोष्ट माझ्या मते सगळ्यांत मोलाची. छापून झालं की मूळ चित्रं प्रकाशकाकडेच राहायची, असा त्या काळी प्रघात होता. इवासाकींनी तो मानला नाही. चित्र परत मिळालं पाहिजे, त्यावरचा हक्क चित्रकाराचा, हा आग्रह त्यांनी धरून ठेवला. १९७४ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी त्या कर्करोगानं गेल्या, तेव्हा मागे साडेनऊ हजारांच्या आसपास चित्रं होती. १९७७ मध्ये त्यांच्या टोकियोतल्या घराच्या जागी संग्रहालय उभं राहिलं. १९९७ मध्ये दुसरं झालं ते मात्सुकावाला, जिथे बाळ ठेवावं लागलं होतं तिथेच. तेत्सुको कुरोयानागींचं ‘तोत्तोचान’ जपानीत १९८१ मध्ये आलं, म्हणजे इवासाकींच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी. त्यातली चित्रं या जपलेल्या साठ्यातून निवडलेली आहेत. कलावंतानं हक्क सोडले असते तर आपल्या हातात आलेलं पुस्तक असं दिसलं नसतं.

कुणाला स्वतंत्र खोपटं, कुणाला ओट्याशेजारचं टेबल

ब्रिटिश बाललेखक रोआल्ड डाल यांना पाच मुलं होती आणि बागेच्या टोकाला लिहिण्याचं खोपटं होतं. तिथे मुलांना मज्जाव होता. लेखिका-चित्रकार ज्युडिथ केर यांनी मुलं झाल्यावर बीबीसीतलं काम सोडलं. लेकीला झोपताना सांगितलेली वाघाची गोष्ट त्यांनी मुलं शाळेत जायला लागल्यावर रंगवली आणि ती १९६८ मध्ये प्रसिद्ध झाली. हेलन ऑक्सनबरी नाटकांच्या नेपथ्यातून चित्रपुस्तकांकडे वळल्या, कारण हे काम घरी करता येत होतं. त्यांच्या धाकट्या लेकीला तीव्र इसब होता, रात्र रात्र झोप नसायची. तिला रमवताना लक्षात आलं की बाळांच्या सामानाचे कॅटलॉग ती मन लावून बघते. त्यातून तान्ह्या मुलांसाठीची जाड पुठ्ठ्याची पुस्तकं निघाली.

या कथा ऐकायला गोड आहेत, पण त्यांच्या पोटात काय आहे? घरात चालणारं काम म्हणजे कधीही थांबवता येणारं काम, असा सगळ्यांचा समज. नवरा ऑफिसला जातो तेव्हा त्याला कुणी दारावर टकटक करून वाटीभर वरणभात भरवायला बोलावत नाही.

मराठीत शब्द आणि चित्रं दोन्ही एका हातानं करणारी नावं थोडी आहेत. माधुरी पुरंदरे हे त्यांतलं ठळक नाव. ‘राधाचं घर’ उघडून बघा. जे चित्रात दिसतं ते वाक्यात पुन्हा सांगितलेलं नाही. लेखक आणि चित्रकार एकच व्यक्ती असली की अशी काटछाट करता येते, आणि ती करायला सलग, शांत वेळ लागतो. अशी पुस्तकं आपल्याला आणखी हवी असतील तर त्या वेळेची सोय करावी लागेल.

कायदा काय देतो

नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही प्रसूतीची २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते ती नोकरदार बाईला, आणि पाळणाघराची सक्ती आहे ती ५० किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला. घरी बसून पुस्तक करणाऱ्या चित्रकाराला मालकच नाही. गिग कामगार आणि असंघटित, स्वयंरोजगारी कामगार यांच्यासाठी प्रसूतिलाभाच्या योजनांची तरतूद संहितेत आहे, हे चांगलंच आहे. या योजना आखताना लेखक-चित्रकारांना त्यांत स्पष्टपणे धरावं, असा आग्रह साहित्य संस्थांनी आत्ताच धरायला हवा.

दुसरा कायदा जुना आहे आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन एखाद्यानं रंगचित्र काढून घेतलं तर, वेगळा करार नसेल तेव्हा, त्याच्या कॉपीराइटचा पहिला मालक काढून घेणारा असतो. स्वतंत्रपणे लिहिणाऱ्या लेखकाच्या मजकुराला हे लागू नाही. म्हणजे त्याच पुस्तकातल्या गोष्टीचा हक्क लेखिकेकडे राहतो आणि लेखी करार न करणाऱ्या चित्रकाराच्या हातून चित्र निसटू शकतं. एकरकमी मानधन घेऊन ती मोकळी होते. पुढे आवृत्त्या निघाल्या, अनुवाद झाले तरी तिला काही मिळत नाही. लहान मूल असलेल्या बाईला रॉयल्टी सर्वांत जास्त गरजेची असते, कारण ज्या वर्षी नवं काम होत नाही त्या वर्षी जुनं काम तिला पैसे देतं.

म्हणून मागणी साधी आहे. चित्रांचा लेखी करार हवा आणि त्यात रॉयल्टीचा वाटा हवा. रफ मंजूर होताच मानधनाचा पहिला हप्ता मिळावा, म्हणजे पाळणाघराची फी भरता येईल. मुदत ठरवताना मुलांची आजारपणं गृहीत धरावीत, मूळ चित्रं परत द्यावीत आणि मुखपृष्ठावर चित्रकाराचं नाव लेखकाच्या बरोबरीनं छापावं. यांतल्या एकाही गोष्टीला सरकारची वाट बघावी लागत नाही. प्रकाशकांनी मनावर घेतलं तर पुढच्या पुस्तकापासून हे सुरू होऊ शकतं. घरातल्यांनाही ठरवता येईल की रोज दुपारचे तीन तास मूल बाबांकडे, आजोबांकडे किंवा पाळणाघरात असेल, आणि त्यासाठी तिला रोज नव्यानं विनंती करावी लागणार नाही. ‘कसं सांभाळता’ हा प्रश्न आजवर आपण एकट्या तिलाच विचारत आलो. त्याचं उत्तर प्रकाशक, नवरा आणि सरकार या तिघांनी मिळून द्यायचं आहे.