जुना देव, नवा देव

आमचा एक रूम पार्टनर पुरीचा आहे. मेसमध्ये भाजीला नावं ठेवता ठेवता तो एकदा सहज बोलून गेला, "आमचा देव दर काही वर्षांनी जातो, मग नवा येतो." मी म्हटलं, म्हणजे आपल्या गणपतीसारखंच की! तर म्हणाला, "नाही रे, गणपती गावाला जातो. आमच्याकडे सुतक पाळतात." झालं, माझं जेवण राहिलं बाजूला. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं, शुद्धलेखन संपादकांनी सांभाळून घ्यावं ही विनंती.)

पुरीच्या मंदिरात जगन्नाथ, बलभद्र, सुभद्रा आणि सुदर्शन या चारही मूर्ती कडुलिंबाच्या लाकडाच्या आहेत. दगडाची मूर्ती झिजली तर वज्रलेप करता येतो, पण समुद्रकाठच्या दमट हवेत लाकूड किती टिकणार? म्हणून मूर्ती नव्या घडवतात. याला म्हणतात नवकलेवर, म्हणजे नवं शरीर.

हे कधी करायचं ते पंचांग ठरवतं. ज्या वर्षी अधिक आषाढ येतो त्या वर्षी. अधिक महिना म्हणजे आपला धोंड्याचा महिना, जावयांच्या फायद्याचा! १९ सौर वर्षं आणि २३५ चांद्र महिने यांच्यात फरक पडतो तो जेमतेम काही तासांचा, त्यामुळे तोच अधिक महिना बऱ्याचदा १९ वर्षांनी परत येतो. विसाव्या शतकातली वर्षं बघा: १९१२, १९३१, १९५०, १९६९, १९७७, १९९६. मधला ८ वर्षांचा गॅप सोडला तर सगळे १९ चे. त्यानंतरचं नवकलेवर २०१५ मध्ये झालं. दरवर्षी स्नानपौर्णिमेनंतर मूर्ती पंधरा दिवस दर्शनाला नसतात. अधिक महिना धरून ते होतात ४५ दिवस. मला तर वाटतं, काम नीट पुरं व्हायला कोणीतरी विचार करूनच ही मुदत ठेवली असणार. आमच्या सबमिशनला एवढी मिळती तर!

झाड कुठलंही चालत नाही. चैत्रात दैतापती सेवक काकटपूरच्या मंगला देवीकडे चालत जातात, तिचा कौल घेतात आणि शोधाला लागतात. जगन्नाथाचं झाड काळसर हवं, चार मोठ्या फांद्यांचं, अंगावर शंख-चक्राच्या खुणा असलेलं. जवळ पाणी, स्मशान आणि वारूळ हवं. वर पक्ष्याचं घरटं नको, वीज पडलेली नको. (कॅम्पस इंटरव्ह्यूचा क्रायटेरिया यापुढे काहीच नाही.) २०१५ ला असं झाड जगतसिंहपूर जिल्ह्यात खरिपडिया इथे सापडलं. आधी सोन्याची कुऱ्हाड लावतात, मग चांदीची, खरी तोड लोखंडाच्या कुऱ्हाडीने. लाकूड नव्या लाकडी गाड्यावर घालून पुरीला ओढत आणतात आणि देवळाच्या आवारात कोइली वैकुंठ नावाच्या जागी मूर्ती घडवतात.

जुन्या मूर्तीच्या पोटात एक वस्तू असते, तिला 'ब्रह्म' म्हणतात. अमावास्येच्या आदल्या रात्री ती नव्या मूर्तीत ठेवायची. गावातले दिवे बंद. ज्येष्ठ दैतांच्या डोळ्यांना पट्टी आणि हातांना कापड, म्हणजे ठेवणाऱ्यालाही ती ना दिसते, ना नीट हाताला लागते. आमच्यातला तिसरा लगेच म्हणाला, "एक्स-रे काढा, विषय संपला." पार्टनर त्याच्याशी दोन दिवस बोलला नाही. इंजिनिअर म्हटल्यावर डबा दिसला की उघडावासा वाटणारच, मलाही वाटतं. पण एवढ्या पिढ्या ती वस्तू हाताळूनही न बघणं, हेही काही सोपं काम नाही.

मग जुन्या मूर्ती कोइली वैकुंठातच पुरतात. दैत स्वतःला शबर प्रमुख विश्वावसूचे वंशज, म्हणजे देवाचे नातलग मानतात. म्हणून ते दहा दिवस सुतक पाळतात, मुंडण करतात, घरचं माणूस गेल्यासारखं. नवी मूर्तीही लगेच पूर्ण होत नाही. लाकूड म्हणजे नुसती हाडं. त्यावर रेशमी दोरे, राळ, चंदन, कापड असे थर चढतात, तेव्हा कुठे शरीर होतं. मग रथयात्रा. २०१५ ला ती १८ जुलैला निघाली.

त्या वर्षी मात्र एक अवघड गोष्ट झाली. १५ जूनच्या रात्री व्हायचा ब्रह्मबदल लांबत लांबत दुसऱ्या दिवसावर, १६ जूनवर गेला. ओडिशाभर गदारोळ उठला. पार्टनर तेव्हा नऊ-दहा वर्षांचा. घरातले दिवे बंद आणि आजी रात्रभर अंधारात बसलेली. सकाळी बातमी आली की अजून झालंच नाही, तर ती पाणीही प्यायला तयार नव्हती. "घरात मयत पडलंय आणि तुम्ही चहा काय मागता," म्हणाली. हे सांगताना तो हसत होता, पण नुसता हसत नव्हता.

पुढचा अधिक आषाढ २०३४ मध्ये. आम्ही तेव्हा तिशीच्या आसपास असू. त्याने मला आत्ताच बोलावून ठेवलंय. अट एकच, येताना बॅटरी आणायची नाही.