गुंडीचे मोल: वर्ध्यातील सूत-चलनाचा मागोवा

हाताने कातलेले सूत हेच देवघेवीचे माध्यम व्हावे, हा विचार १९२४ पासून पुढची पंचवीसेक वर्षे काँग्रेस, अखिल भारतीय चरखा संघ आणि वर्धा परिसरातील आश्रमांनी निष्ठेने तपासून पाहिला. त्यामागे एक मोठा समुदाय होता: कातणारे, विणणारे आणि खादी वापरणारे. सुताला पत होती ती या समुदायाच्या परस्पर विश्वासामुळे; कोणत्याही सरकारचा शिक्का त्यावर नव्हता.

या विचाराला वर्ध्यात जमीन तयारच होती. हिंगणघाटचा ‘बनी’ कापूस इंग्रजी आमदानीत दूरवर प्रसिद्ध होता. रेल्वे आल्यावर तो गाठींनी बाहेर जाऊ लागला. त्याचा भाव लिव्हरपूलच्या बाजारावर हलत असे आणि शेतकऱ्याच्या घरात गिरणीचे कापड रोख पैशाने येत असे. घरचा कापूस घरीच कातला गेला, तर ही रोखीची गरजच कमी होणार होती.

चलन म्हटले की माप आलेच. चरख्यावर पेळूपासून काढलेले सूत चातीवरून फाळक्यावर उतरवतात. फाळक्याचा घेर चार फूट असतो आणि त्यावरचा एक वेढा म्हणजे एक तार. १६० तारांची एक लटी आणि चार लट्यांची एक गुंडी होते. म्हणजे गुंडीत ६४० तार, सुमारे ८५३ वार सूत. प्रत्येक लटी वेगळी बांधलेली असल्याने मोजणी सोपी जाते. परंतु लांबी हा हिशेबाचा एक भाग झाला. सुताचा नंबर जितका मोठा तितके ते बारीक. शिवाय त्याची मजबुती आणि समानता पाहावी लागते. नवशिक्याची गुंडी आणि मुरलेल्या कातणाऱ्याची गुंडी लांबीला सारख्या असल्या, तरी विणकराला त्यांचे मोल सारखे नसते. रुपयासारखे डोळे झाकून घ्यावे असे हे नाणे नव्हते.

सुताने वर्गणी भरण्याचा पहिला मोठा प्रयोग काँग्रेसमध्ये झाला. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावच्या अधिवेशनात, गांधीजी अध्यक्ष असताना, सदस्यत्वासाठी दरमहा २,००० वार सूत ठरले. ते स्वतः कातलेले असावे, किंवा अडचण अथवा अनिच्छा असल्यास दुसऱ्याने कातलेले चालेल, अशी मुभा होती. या मुभेमुळे सूत विकत घेऊन वर्गणी भरण्याची वाट मोकळी झाली. वर्षभरातच, सप्टेंबर १९२५ मध्ये, पाटण्याला नियम सैल करून चार आण्यांचा पर्याय खुला झाला. त्याच वेळी तिथे स्थापन झालेल्या चरखा संघाने मात्र आपल्या ‘अ’ वर्गाच्या सदस्यांसाठी दरमहा स्वतः कातलेल्या १,००० वारांचा दंडक घातला.

वर्ध्यात विनोबा भावे १९२१ पासून आश्रम चालवत होते. १९३५ मध्ये चरखा संघात कातणाऱ्यांच्या किमान मजुरीचा प्रश्न ऐरणीवर आला. आठ तासांच्या कताईला आठ आणे मिळावेत असा गांधीजींचा आग्रह होता. प्रत्यक्षात तीन आण्यांच्या आसपासची मजुरीही मोठी वाढ ठरणार होती. त्या वर्षी वर्ध्याजवळच्या नालवाडीला विनोबा रोज तासन्‌तास कातून त्याच मजुरीत स्वतःचा निर्वाह करू लागले. सुताची किंमत माणसाच्या पोटाशी लावून पाहणारा इतका सरळ प्रयोग दुसरा नसेल.

दुसऱ्या महायुद्धात कागदी चलनाविषयीची शंका सर्वत्र वाढली. रिझर्व्ह बँकेच्या चलनात असलेल्या नोटा युद्धकाळात पाचपटीहून अधिक वाढल्या आणि सुट्ट्या नाण्यांची टंचाई पडली. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचे काम पाहणारे जे. सी. कुमारप्पा यांनी, धान्य-माल घेऊन कागद हाती ठेवणाऱ्या या व्यवहारावर कठोर लेखन केले आणि त्यापायी तुरुंगवास भोगला. याच काळात गांधीजींनी सुताच्या चलनाची कल्पना मांडली. ज्याच्याकडे श्रम आहेत त्याच्याकडे नाणे आहे, हे तिचे सूत्र.

१९४४ नंतर सेवाग्रामला चरखा संघाच्या नवसंस्करणाची, म्हणजे पुनर्रचनेची, चर्चा झाली आणि १ जुलै १९४५ पासून खादीच्या किमतीचा काही भाग सुतात घेण्याची अट लागू झाली. नेमके इथेच या चलनातले आतले दुखणे उघडे पडले. पैसा या हातातून त्या हातात गेला तरच पैसा. सूत मात्र कातणाऱ्याच्या हातून आलेले असले तरच त्याला अर्थ. खरेदीदाराने दुसऱ्याची गुंडी विकत आणून दिली, तर अट पुरी होई आणि हेतू बुडे. शिवाय भांडारातला हिशेब अखेर रुपया-आण्यांतच राहिला. स्वातंत्र्यानंतर ही अट टिकली नाही.

श्रमाचे नाणे हातोहात फिरवण्याचा हा पेच आजच्या कूटचलनांनी वेगळ्या रीतीने सोडवला. बिटकॉइनमध्ये नवे नाणे मिळवण्यासाठी संगणकाला काम केल्याचा पुरावा द्यावा लागतो. तो पुरावा कोणालाही क्षणात पडताळता येतो आणि काम कोणत्या यंत्राने केले याला महत्त्व नसते.  वर्ध्याच्या गुंडीत मात्र कष्ट कोणी केले हाच मुख्य प्रश्न होता.

म्हणूनच सूत जिथे पुढे फिरवायचे नव्हते तिथे ते टिकले. १२ फेब्रुवारी १९४८ रोजी पवनारला धाम नदीत गांधीजींच्या अस्थींचे विसर्जन झाले. त्या दिवशी दरवर्षी भरणाऱ्या सर्वोदय मेळ्यात स्वतः कातलेली एक गुंडी अर्पण करण्याची सूतांजलीची प्रथा रुजली. विनोबा तिला सर्वोदयाला दिलेले मत मानत. १९५० च्या सुरुवातीस त्यांनी पवनारच्या परंधाम आश्रमात कांचनमुक्तीचा, म्हणजे पैशाविना जगण्याचा, प्रयोग मांडला. त्यात सुताचे चलनही नको होते. आश्रमवासी बैलांशिवाय शेती करत आणि विहिरीवरचा रहाट स्वतःच्या हातांनी फिरवत. ८ मार्च १९५१ रोजी विनोबा या आश्रमातून शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनासाठी पायी निघाले आणि एप्रिलमध्ये पोचमपल्लीला त्यांची भूदान चळवळ सुरू झाली.

इकडे खादीला सरकारी आधार मिळाला: १९५३ मध्ये केंद्र सरकारने खादी-ग्रामोद्योग मंडळ नेमले आणि १९५७ मध्ये आयोग आला. त्यानंतरच्या काळात विकल्या गेलेल्या खादी हुंड्या भांडारात देऊन कापड घेता येई. हुंडीवर रक्कम रुपयांत छापलेली असे आणि ती घेणाऱ्याने कातलेच पाहिजे असा नियम नव्हता.