पाणी नितळ झालं, पण शिसं गेलं का?

पावसाळ्यात कुकडी, मीना, घोड गढूळ वाहू लागल्या की बचत गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. "ताई, शेवग्याच्या बियांनी पाणी निवळतं. मग त्यातले विषारी धातूही जातात का?" आज त्याचंच उत्तर देते.

आधी शेवग्याचं बघू. बीमधलं प्रथिन पाण्यात विरघळतं आणि मातीचे बारीक कण आपल्याकडे ओढतं. कणांचे गोळे होऊन ते तळाशी बसतात. वाळलेल्या बिया सोलून पूड करायची, थोड्या पाण्यात कालवून फडक्यातून गाळून घ्यायची. खूप गढूळ पाण्याला लिटरमागे एक-दोन बिया पुरतात. नीट ढवळून दोन तास ठेवायचं आणि वरचं पाणी हलकेच काढून घ्यायचं. तरीही ते उकळूनच प्यायचं आणि दुसऱ्या दिवशी ठेवायचं नाही, कारण बीचा अंश राहिल्याने त्यात जंतू वाढतात.

शिसं, आर्सेनिक, कॅडमियम यांची गोष्ट वेगळी. ते पाण्यात विरघळलेले असतात. डोळ्यांना दिसत नाहीत, जिभेला कळत नाहीत. उकळून तर मुळीच जात नाहीत. पाणी आटलं की उलट त्यांचं प्रमाण वाढतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला 0.01 मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिसं नको, असं भारतीय मानक सांगतं. शिशाने लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. अंगात लोह कमी असेल तर शिसं जास्त शोषलं जातं. आपल्यात रक्त कमी असलेल्या किती जणी आहेत, ते आपल्याला माहीतच आहे.

मग नैसर्गिक पदार्थांनी धातू निघतात का? निघतात. कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून कायटोसान बनतं. फळांच्या सालीत पेक्टिन असतं. हे नैसर्गिक पॉलिमर, म्हणजे लहान कणांच्या लांबच लांब माळा. माळरानातून चालताना कुसळं पदराला चिकटतात, तसे धातूचे कण या माळांना चिकटतात. चेन्नईच्या आयआयटीत प्राध्यापक टी. प्रदीप यांच्या गटाने कायटोसान आणि लोहाचं संयुग मिळून आर्सेनिक धरून ठेवणारा गाळणीचा पदार्थ तयार केला आहे.

पण पदराला कुसळं किती चिकटणार? जागा भरली की पुढची तशीच सुटतात. आपल्या बोअरच्या क्षारयुक्त पाण्यातला कॅल्शियमही त्यातल्या काही जागा अडवतो. पदार्थ किती घालायचा, कधी बदलायचा, हे पाणी तपासल्याशिवाय ठरत नाही. म्हणून घरी माठात केळीची किंवा संत्र्याची सालं टाकून धातू गेले असं समजू नका. आणि धातू धरलेला गाळा शेणखतात टाकला, तर तोच धातू शेतात जातो.

मग करायचं काय? जलजीवन मिशनमध्ये गावागावांतल्या पाच-पाच महिलांना पाणी तपासण्याचं प्रशिक्षण दिलं जातं. त्यांच्याकडच्या किटवर क्षार, फ्लोराइड, नायट्रेट कळतं. शिसं किंवा कॅडमियम कळायला प्रयोगशाळाच लागते. म्हणून ग्रामपंचायतीकडे आणि जलसुरक्षकाकडे अर्ज करताना "जड धातूंची तपासणी" असं वेगळं लिहा. बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्या आणि नमुना कसा भरायचा तेही त्यांनाच विचारा. विहिरीजवळ जुन्या बॅटऱ्या फोडल्या जात असतील किंवा भंगार साठत असेल, तर आधी तिथला नमुना द्या. द्राक्षाच्या, टोमॅटोच्या फवारणीचा पंप विहिरीवर धुऊ नका. मोरचुदात तांबं असतं.

अहवालात धातू जास्त निघाले, तर ते पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला वापरू नका. दुसरी विहीर, नळयोजना किंवा आरओचं पाणी घ्या. तुरटी, क्लोरीन, शेवगा यांच्यावर भिस्त ठेवू नका.

बैठकीत बचतीच्या हिशोबाआधी पाच मिनिटं आपल्या पाण्याचा हिशोब मांडा. कुठली विहीर, शेवटची तपासणी कधी, अहवाल कुणाकडे? वहीत तीन ओळी लिहा. शेवग्याने पाणी नितळ होतं, पण ते निर्धोक आहे की नाही, हे तपासणीच सांगते.