साध्या फोनवाल्यांनी दार कोणाचे ठोठवायचे?

बटणाचा साधा मोबाईल आता चेष्टेचा विषय झाला आहे. बँकेत, कचेरीत कुणी तो खिशातून काढला की पोरे हसतात आणि खिडकीतला बाबू विचारतो, "मोठा फोन नाही का?" हसणाऱ्यांनी खुशाल हसावे. पण आजही हा फोन कोणाच्या हातात आहे? सफाई कामगार, ऊसतोड मजूर, वीटभट्टीवरची बाई, चार घरची धुणीभांडी करणारी मावशी, म्हातारा शेतमजूर. म्हणजे आपलेच लोक. म्हणून हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही.

आपल्या समाजाला निरोपाचा इतिहास ठाऊक आहे. मयताचा सांगावा घेऊन गावोगाव उन्हातान्हात पळायचे, हे महारकीचे काम होते. या वतनी गुलामगिरीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. गावचा निरोप वाहून नेणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरचा निरोप पाठवायला मात्र साधन नव्हते. पुढे गावात टेलिफोन आला, तोही बहुधा पाटलाच्या वाड्यात, सावकाराच्या पेढीवर नाहीतर ग्रामपंचायतीत. मुंबईला कामाला गेलेल्या पोराचा फोन आला की माय ओसरीखाली उभी राहणार, आणि घरचे बोलणे वाड्यातले दहा जण ऐकणार!

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल कॉल केला. तेव्हा हे श्रीमंतांचे खेळणे होते. मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर आणि आलेल्या फोनचेही पैसे. २००३ साली आलेला फोन मोफत झाला आणि चित्र पालटले. त्याच वर्षी नोकियाचा ११०० हा फोन बाजारात आला. त्याला टॉर्च होती, धूळ आत जाऊ नये असा कीपॅड होता आणि बॅटरी दिवसेंदिवस टिकायची. जगभरात असे सुमारे २५ कोटी फोन विकले गेले. दहा रुपयांचे रिचार्ज आले आणि मोबाईल वस्तीत शिरला.

आमच्या लोकांनी हे यंत्र आपल्या पद्धतीने वापरले. एक मिस्ड कॉल म्हणजे 'पोहोचलो', दोन म्हणजे 'तू फोन कर'. अक्षरओळख नसलेल्या बाईने मुलाचा नंबर कोणत्या बटणावर आहे ते पाठ करून टाकले. उसाच्या फडाशेजारी कोपीवर वीज नसली तरी एकदा दुकानात चार्ज केलेला फोन आठवडाभर चालायचा. गावाकडे ठेवलेल्या लेकरांचा आवाज रात्री कोपीत ऐकू येऊ लागला. मुकादमाने उचलीवरून दमदाटी केली तर कार्यकर्त्याला तिथल्या तिथे कळवता येऊ लागले. मेमरी कार्डात भीमगीते भरून पोरे कामावर जाऊ लागली.

म्हणून काही फोनमुळे जात गेली, असे कोणी समजू नये. मे २०१५ मध्ये शिर्डीत बाबासाहेबांवरील गाण्याची रिंगटोन वाजली, म्हणून एका दलित तरुणाचा खून झाला. फोन सर्वांचा झाला, तरी त्यातला आमचा आवाज काहींना सहन होत नाही. पण एक गोष्ट नक्की झाली. बोलण्यासाठी दुसऱ्याच्या ओसरीखाली उभे राहणे संपले.

आज तीच ओसरी नव्या रूपात परत आली आहे. मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयोगटासाठी लसीकरण खुले झाले, तेव्हा आधी ऑनलाईन नोंदणी करा असे फर्मान होते. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामावरची हजेरी ॲपवर, फोटोसह सक्तीची केली गेली. मजुराने घाम गाळला, पण मेटच्या फोनला रेंज नाही, तर हजेरी लागायची कशी? शिष्यवृत्तीचा अर्ज पोर्टलवर, लाडक्या बहिणीची ई-केवायसीही ऑनलाईन. ओटीपी साध्या फोनवर येतो हे खरे, पण पुढचे काम त्यावर होत नाही. मग केंद्रवाल्याच्या दारात रांग लावा, त्याला पैसे द्या आणि आपला आधार नंबर आणि ओटीपीही त्याच्याच हाती सोपवा!

त्यात रिचार्जची मेख आहे. पूर्वी दहा रुपयांत महिना निघे. मुदत संपली की आता काही दिवसांत ओटीपी येणेही थांबते. बराच काळ पैसे भरले नाहीत तर नंबरच जातो आणि त्याला जोडलेली शिष्यवृत्ती, पेन्शन, बँक खाते सगळेच अडकते. ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी फक्त बोलण्याचे आणि एसएमएसचे प्लॅन द्या, असा नियम दूरसंचार नियामक 'ट्राय'ने डिसेंबर २०२४ मध्ये केला. जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांनी प्लॅन आणले, पण ८४ दिवसांचे चारशे रुपयांच्या वर एकरकमी! रोजंदारीवाला मीठमिरची रोजच्या रोज आणतो. तो एवढी रक्कम एकदम कुठून भरणार?

साध्या फोनवर हे होऊच शकत नाही, ही सबब खोटी आहे. स्टार ९९ हॅश दाबून इंटरनेटशिवाय खात्यातली शिल्लक कळते, पैसेही पाठवता येतात. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने साध्या फोनसाठी 'यूपीआय १२३पे' सुरू केले. पैशाच्या व्यवहाराला जे जमते ते हक्काच्या अर्जाला का जमू नये? यंत्र अडत नाही, राज्यकर्त्यांची नियत अडते.

तेव्हा मागणी सरळ आहे. प्रत्येक योजनेत कागदी अर्ज आणि साध्या फोनची सोय कायम ठेवा. कमी पैशांचे, महिन्याचे रिचार्ज सक्तीचे करा. मजुराची हजेरी ॲपच्या भरवशावर सोडू नका, वहीतली नोंदही ग्राह्य धरा. कार्यकर्त्यांनी तोवर थांबू नये. प्रत्येक बुद्धविहारात आठवड्यातून एक दिवस बसून वस्तीतल्या लोकांचे अर्ज मोफत भरून द्यावेत. संविधानाने हक्क माणसाला दिले आहेत. त्याच्या हातात कोणता फोन आहे, हे संविधान विचारत नाही.