मळवलीचा छाप, माजघरातली जर

भाजे आणि कार्ले या दोन लेण्यांच्या मधून मुंबई-पुणे लोहमार्ग जातो. तिथेच मळवलीचे छोटे स्टेशन आहे. लेण्यांवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले. मात्र याच मळवलीत छापलेल्या चित्रांवर घरोघरच्या हातांनी जी जर चढवली, तिची दखल आपण फारशी घेतलेली नाही. या लेखाचा सारा रोख त्या हातांकडे आहे.

राजा रविवर्मा (१८४८-१९०६) यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला. धाकटे बंधू सी. राजराजवर्मा या उद्योगात बरोबर होते. ‘शकुंतला जन्म’ हे तिथले पहिले छापील चित्र. १८९६ पासून मुंबईत प्लेगने ठाण मांडले, धंद्यावर कर्ज चढत गेले, आणि १८९९ मध्ये छापखाना मळवलीला आला. विसाव्या शतकाच्या आरंभी रविवर्म्यांनी तो आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशर यांना विकला. चित्रांखाली ‘रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा’ असा ठसा उमटू लागला. चित्रकार एम. व्ही. धुरंधरांची चित्रेही इथे छापली गेली. दादासाहेब फाळके याच छापखान्याचे काम करत होते; १९०८ मध्ये त्यांनी लोणावळ्याला स्वतःचा छपाईचा कारखाना उभारला. ‘राजा हरिश्चंद्र’ हा त्यांचा चित्रपट त्यानंतर पाच वर्षांनी आला.

छपाईचे काम कमालीचे कष्टाचे होते. बव्हेरियातल्या चुनखडीचा दगड घोटून सपाट करायचा, त्यावर तेलकट खडूने उलटे चित्र काढायचे, दगड ओला करायचा. मग शाई फक्त तेलकट रेषांनाच धरते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. कागद त्या सगळ्या दगडांवरून एकामागून एक जायचा आणि दर वेळी नेमका त्याच जागी बसावा लागायचा. केसभर सरकला तर लक्ष्मीच्या ओठांचा रंग हनुवटीवर. शेवटी वॉर्निश, आणि तैलचित्राच्या कॅनव्हाससारखा पोत उठवणारा दाब.

एवढे सगळे होऊन चित्र घरी यायचे, आणि तिथे त्यावर दुसरे काम सुरू व्हायचे. सरस्वतीच्या पदराचा काठ सुई-दोऱ्याने जरीत उठवला जाई. दागिन्यांवर मणी, मुकुटावर टिकल्या आणि कलाबूत. काही चित्रांत छापील लुगड्यावर खरे रेशीम बेतून बसवलेले आढळते. कागदाला सुई लावणे सोपे नाही: एकदा पडलेले भोक बुजत नाही आणि दोरा जरा ओढला गेला की कागद फाटतो. म्हणून टाका घालण्याआधीच जागा पक्की ठरवावी लागे. चेहरा, हात आणि पाय मात्र तसेच ठेवले जात. छापखान्याने दिलेल्या मुद्रेला सहसा कुणी सुई लावली नाही. मला हा निर्णय फार समंजस वाटतो. भोवतीचे सगळे चकाकू लागले की सपाट छापलेला चेहरा आपोआप जिवंत होतो, हे त्या हातांना कळत होते.

काही काम धंदेवाईक जरकाम करणाऱ्यांचे असेल, पण बरेचसे घरातल्या बायकांचे. चित्राखाली छापखान्याचे नाव आहे, चित्रकाराचे आहे, टाके घालणारीचे नाही. बेंगळुरूचे गणेश शिवस्वामी यांच्यासारख्या अभ्यासकांनी अशी सजवलेली चित्रे जमवून त्यांची नोंद केली, हे मोठेच काम आहे.

छापील प्रतिमेवर टिकल्या-मणी चढवून तिचा मान करणे ही रीत सातासमुद्रापारही सापडते. हैती या कॅरिबियन देशातले व्होडू या धर्मपंथाचे ध्वज, ज्यांना ‘द्रापो’ म्हणतात, साटीनवर हजारो टिकल्या आणि मणी शिवून केले जातात. तिथल्या भाविकांनी कॅथलिक संतांच्या रंगीत शिळाछापांत आपल्या देवता ओळखल्या, आणि काही ध्वजांत असा छापील चेहरा मधोमध बसवलेला असतो. चेहरा छापाचा, वैभव हाताचे. आपल्या सरस्वतीची हीच गोष्ट.

हे नुसते साम्यही नाही; मुंबईच्या छपाईशी त्याचा धागा जुळतो. १८८० च्या दशकात हॅम्बुर्गमध्ये सापवालीचे एक रंगीत चित्र छापले गेले. पश्चिम आफ्रिकेत ती मामी वाटा ही जलदेवता मानली गेली आणि १९५५ मध्ये आजच्या घानातल्या व्यापाऱ्यांसाठी मुंबईच्या श्रीराम कॅलेंडर कंपनीने त्याच चित्राच्या नव्या प्रती छापल्या. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये त्याच सापवालीला सांता मार्ता म्हणून पुजतात. गयानात वाढलेला शिल्पकार ह्यू लॉक आज हीच वाट धरतो: ब्रिस्टलमधल्या पुतळ्यांच्या छायाचित्रांवर त्याने २००६ मध्ये नाणी आणि झगमगते दागिने चढवले. त्याच्या हातून मात्र तो मान प्रश्न बनतो, कारण त्यातला एक पुतळा गुलामांचा व्यापार करणाऱ्या कोल्स्टनचा होता. अशा कामांना आज कलादालनात मिश्र माध्यमातली व्यक्तिचित्रे म्हणून जागा मिळते, आणि ती मिळायलाच हवी. मग आपल्या आज्या-पणज्यांच्या कामाला ‘हौस’ म्हणून बाजूला सारणे हा अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मळवलीच्या छापखान्याला १९७२ मध्ये आग लागली आणि मोठा ठेवा जळाला. म्हणून घरांत उरलेल्या चित्रांचे मोल आणखी वाढते.

तुमच्या घरी असे चित्र असेल तर ते नव्या चौकटीत बसवताना जर आणि टिकल्या काढू देऊ नका. काळवंडलेल्या जरीला पॉलिश लावू नका, वॉर्निशवर ओले फडके फिरवू नका. काच थेट टाक्यांना टेकणार नाही एवढी फट ठेवा. मावळातल्या पावसाळी दमटपणात चिकटलेली काच सोडवताना कागदच सुटून येतो. चित्राच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा. आणि हे काम कुणी केले ते घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला याच दिवाळीत विचारून टाके घालणारीचे नाव, माहेरचे नावही, एका चिठ्ठीवर लिहून चौकटीमागे लावा.