ऑस्ट्रेलियाचा 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसा : एजंटाला टोकन देण्याआधी एवढं समजून घ्या

गेल्या महिन्यात आमच्या कळंबमधले एक पालक शाळा सुटायच्या वेळेला आले. त्यांचा मुलगा माझा जुना विद्यार्थी, बी.एस्सी. झालेला, वय चोवीस. हातात एक रंगीत पत्रक होतं. त्यावर ऑस्ट्रेलियाचा झेंडा आणि खाली मोठ्या अक्षरात 'वर्क व्हिसा गॅरंटी, पीआर पक्की'. एकूण खर्च साडेतीन लाख. मी विचारलं, पैसे दिले का? म्हणाले, "मॅडम, पच्चीस हजार टोकन तो दे दिया. बाकी के लिए जमीन का थोडा टुकडा निकालने का सोच रहे."

पत्रक नीट वाचल्यावर कळलं, की ज्याला 'वर्क व्हिसा' म्हटलं होतं तो 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसा आहे. सरकारी भाषेत सबक्लास ४६२. हा व्हिसा खरा आहे आणि भारतीयांना मिळतो. पण पत्रकातल्या बाकीच्या गोष्टी खऱ्या नाहीत. बारामती-इंदापूर भागात अशी पत्रकं आता बऱ्याच घरांत पोचलेली दिसतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी ही कल्पनाच समजून घेऊ, कारण आपल्या घरांत ती नवी आहे. आपल्याकडे लांबचा प्रवास म्हणजे हज-उमरा, अजमेरचा उरूस, नाहीतर आखाती देशात नोकरी. नोकरीला गेलेला माणूस फिरत नाही आणि फिरायला गेलेला काम करत नाही. युरोप-ऑस्ट्रेलियाकडची तरुण मुलं मात्र शिक्षण झाल्यावर पाठीवर एक सॅक टाकून वर्षभर बाहेर पडतात. एका खोलीत सहा-आठ पलंग असलेल्या स्वस्त हॉस्टेलात राहायचं, पैसे संपत आले की काही आठवडे शेतावर, हॉटेलात किंवा बांधकामावर काम करायचं आणि पुढच्या गावाला जायचं. यालाच बॅकपॅकिंग म्हणतात. अशा मुलांसाठी दोन देश आपसात करार करून जो व्हिसा देतात तो 'वर्किंग हॉलिडे'. थोडक्यात, ही सुट्टी आहे आणि तिचा खर्च भागवण्यापुरती कामाची परवानगी आहे. यात कोणी कंपनी तुम्हाला बोलावत नाही, नोकरीचं पत्र देत नाही, विमानतळावर घ्यायलाही येत नाही.

भारत आणि ऑस्ट्रेलियाचा व्यापार करार २ एप्रिल २०२२ रोजी झाला आणि २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला. त्यातच हे कलम होतं : दरवर्षी १ हजार भारतीय तरुणांना हा व्हिसा. प्रत्यक्षात दार उघडलं सप्टेंबर २०२४ मध्ये. पहिली नोंदणी त्या वर्षी ऑक्टोबरभर चालली आणि पहिल्या दोन आठवड्यांतच सुमारे ४० हजार अर्ज आले. जागा हजार! म्हणून तिथे सोडत काढतात, इंग्रजीत तिला बॅलट म्हणतात.

'लॉटरी' हा शब्द ऐकून त्या पालकांचा चेहरा पडला. जुगार तर नाही ना? मी त्यांना म्हटलं, हज कमिटीचा कुर्रा निघतो ना, तसंच हे. अर्ज जास्त, जागा कमी, म्हणून संगणक नावं काढतो. कुर्ऱ्यात तुमचं नाव काढून देतो असं कोणी म्हणालं तर तुम्ही विश्वास ठेवाल का? नाही ना. मग इथे का ठेवायचा? हे उदाहरण त्यांना लगेच पटलं. नाहीतर मी अर्धा तास बोलतच राहिले असते.

या सोडतीत नाव टाकायची फी आहे २५ ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे साधारण दीड हजार रुपये. नाव निघालं नाही तरी ती परत मिळत नाही. नोंदणी ऑस्ट्रेलियाच्या गृह खात्याच्या वेबसाइटवर, स्वतःचं खातं उघडून करायची. पासपोर्ट आणि पॅन कार्ड लागतं. वय १८ पूर्ण आणि ३१ च्या आत. एका माणसाची एकच नोंदणी. तारखा दरवर्षी त्याच वेबसाइटवर जाहीर होतात. नाव निघालं, तर पुढचा खरा अर्ज करायला २८ दिवस मिळतात. त्यात बारावीनंतरचं किमान दोन वर्षांचं शिक्षण पूर्ण केल्याचा पुरावा लागतो. नुसतं बारावी पास असून चालत नाही. इंग्रजीची परीक्षा लागते, पण अट फार कडक नाही. आयएल्ट्समध्ये सरासरी ४.५ पुरतात. आपली मराठी-उर्दू माध्यमाची मुलंसुद्धा तीन-चार महिने मनापासून बसली तर एवढं करू शकतात, हे मी शिक्षिका म्हणून सांगते. लहान मुलांना सोबत नेता येत नाही.

आणि पैसे. व्हिसाची फी साडेसहाशे डॉलरच्या वर आहे आणि ती साधारण दर जुलैत वाढते. सुरुवातीच्या खर्चासाठी बँकेत ५ हजार डॉलर आणि शिवाय तिकिटाचे पैसे दाखवावे लागतात. ५ हजार डॉलर म्हणजे आजच्या भावाने तीन लाखांच्या आसपास. ही रक्कम सरकारला द्यायची नसते. ती मुलाचीच असते, काम मिळेपर्यंत खायला-राहायला. माझ्या मते अडचण इथेच आहे. एजंट साडेतीन लाख घेतो, मुलगा रिकाम्या हाताने उतरतो आणि जे पहिलं काम मिळेल त्यात अडकतो.

आता तिथलं काम. आपल्या भागातल्या मुलांना एक गोष्ट ऐकून बरं वाटेल : बॅकपॅकर लोक तिथे सगळ्यात जास्त जे काम करतात ते फळं तोडण्याचं. इंदापूरच्या द्राक्ष-डाळिंबाच्या बागांत विरळणी-तोडणी केलेल्या पोराला ते काही परकं नाही. व्हिक्टोरिया राज्यातलं मिल्डुरा हे द्राक्ष-बेदाण्याचं गाव. तिथला हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. उत्तरेला डार्विन-कॅथरीनकडे आंबा, तो ऑक्टोबर ते डिसेंबरात, कारण तिथले ऋतू आपल्या उलटे. ऊसतोड कामगार कोयता घेऊन जसे हंगामामागे कारखान्याच्या गावाला येतात, तशी ही मुलं हंगामामागे फिरतात. फरक एवढाच, की ऊसतोडीवाला उचल घेऊन बांधला जातो आणि या मुलांना मालक बदलायची मोकळीक असते. उलट एका मालकाकडे साधारण सहा महिन्यांपेक्षा जास्त राहता येत नाही, शेतीसारख्या काही कामांना सूट आहे. ठरवून दिलेल्या भागात असं तीन महिने काम केलं, तर दुसऱ्या वर्षाचा व्हिसा मागता येतो.

मजुरी चांगली आहे, लपवण्यात अर्थ नाही. १ जुलै २०२५ पासून तिथलं राष्ट्रीय किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर आहे आणि कॅज्युअल, म्हणजे कायम नसलेल्या कामगाराला त्यावर २५ टक्के जास्त. पूर्वी फळतोडणीत क्रेटवर पैसे मिळायचे आणि नवख्या मुलांच्या हाती फारच थोडं पडायचं. एप्रिल २०२२ च्या शेवटापासून नियम बदलला. आता क्रेटवर काम केलं तरी तासाच्या किमान मजुरीखाली देता येत नाही. दिलं नाही तर फेअर वर्क ओम्बुड्समन या सरकारी कार्यालयाकडे तक्रार करता येते. मात्र या व्हिसावाल्यांचा १५ टक्के कर पहिल्या डॉलरपासूनच कापला जातो, ४५ हजार डॉलरपर्यंत हाच दर. मालक पेन्शनसाठी जो निधी भरतो, तो देश सोडताना परत मागता येतो, पण त्यातलेही ६५ टक्के सरकार ठेवून घेतं. पाऊस पडला की काम बंद आणि त्या दिवसाची मजुरी नाही, पण हॉस्टेलचं भाडं चालूच. आजारपणाचा विमा स्वतः काढायचा. सरकारी मेडिकेअर आपल्या पासपोर्टवर मिळत नाही. म्हणजे वर्षाअखेर घर बांधायला पैसे आणेल, या हिशोबाने पाठवू नका.

राहण्याची जागा स्वस्त मिळते म्हणून डोळे झाकून घेऊ नये. क्वीन्सलँडमधल्या चिल्डर्स गावात २३ जून २००० रोजी बॅकपॅकर हॉस्टेलला आग लागून १५ तरुण गेले. फळतोडणीलाच आलेली मुलं होती ती बहुतेक. त्यानंतर नियम कडक झाले, तरी खोलीत धुराचा अलार्म आहे का, बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठला, हे पहिल्याच रात्री पाहावं.

एका आईने मला विचारलं, "पोरगी जाऊ शकते का?" व्हिसात मुलगा-मुलगी असा फरक नाही. हॉस्टेलांत फक्त मुलींच्या खोल्या असतात, हे विचारून घ्यावं. पाठवायचं की नाही, हा निर्णय घराने आणि मुख्य म्हणजे त्या मुलीने करायचा. मी पाठवलं असतं का? एकटी नाही, दोघी मैत्रिणी मिळून असत्या तर हो.

हलाल आणि नमाजचा प्रश्न सगळेच विचारतात. शहरांत अडचण नाही, गावांत चौकशी लागते. कामाच्या बाबतीत आधीच विचारायचं : द्राक्ष खायचं, बेदाण्याचं की वाइनचं? बरोसासारख्या भागात बहुतेक द्राक्ष वाइनला जातं. पबमध्ये आणि डुकरांच्या फार्मवरही कामं असतात. नको असेल तर नाही म्हणता येतं, मालक बदलता येतो. आणि आपण तिथे पहिले नाही. १८६० पासून पुढची काही दशकं कराची-पेशावरकडून उंट आणि उंटवाले ऑस्ट्रेलियात गेले. अफगाण, बलुची, सिंधी, पंजाबी असे सगळे, पण तिथे सगळ्यांना 'अफगाण'च म्हटलं गेलं. त्यांच्याच वस्तीतून ॲडलेडची मशीद १८८८-८९ मध्ये उभी राहिली आणि आजही तिथे नमाज होते. शेपार्टन हे फळबागांचं गाव, तिथली मशीद अल्बानियन मुस्लिमांनी बांधली. तेही बागांत मजुरीलाच आले होते.

पदवीधर मुलांनी ब्रिटनची 'यंग प्रोफेशनल्स स्कीम'ही पाहावी. वय १८ ते ३०, मुक्काम दोन वर्षं, वर्षाला ३ हजार भारतीय. खात्यात २,५३० पौंड दाखवावे लागतात. सोडतीत नाव टाकणं फुकट आहे, पण निवड झाली की आरोग्य अधिभाराचा मोठा खर्च येतो. तिथेही एजंटाचं काही काम नाही.

आखाती देशांच्या नोकरीशी याची गल्लत करू नका. तिथे परदेशी भरतीसाठी भारत सरकारचा परवाना असलेला एजंट लागतो आणि तो 'ई-मायग्रेट'वर तपासता येतो. त्याने घ्यायच्या सेवाशुल्काला ३० हजार रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाबाबत कोणाचा सल्ला घ्यायचाच असेल, तर त्याला त्याचा 'मार्न' क्रमांक विचारा आणि तिथल्या सरकारी यादीत पाहा. क्रमांक विचारल्यावर आमच्या त्या पत्रकवाल्याने फोन ठेवला. टोकनातले पंधरा हजार परत आले, दहा हजार अजून यायचे आहेत. जमीन राहिली.

मुलगा आता कागदं जुळवतोय. दहावीच्या सनदेवर आडनाव 'शेख' आधी आहे, आधारवर शेवटी, पॅनवर वडिलांचं नाव मधे. आपल्या निम्म्या घरांत हीच अवस्था असते. पासपोर्टवर एक आणि पॅनवर दुसरं, असं राहिलं तर नाव निघूनही २८ दिवस दुरुस्तीतच जातील. म्हणून पुढची नोंदणी उघडण्याआधी त्याने पहिला अर्ज पॅनवरचं नाव बदलण्याचा केलाय.