वीस मिनिटांचे सप्रे

सकाळी ६.३० : संध्याकाळी शहरातल्या मराठी मंडळींसमोर माधवराव सप्रेंवर बोलायचंय. वेळ वीस मिनिटं. घड्याळ लावून मोठ्याने म्हणून पाहिलं, तर बावीस झाली. कोणता भाग गाळला तरी चालेल, तिथे समासात लाल खूण केली.

८.०० : सुरुवात. ‘जन्म १८७१’ म्हटलं की मोबाइल बाहेर निघतात. पण बूढातालाबाजवळचं सप्रे शाळेचं मैदान रायपुरात कोणाला ठाऊक नाही? ज्यांच्या नावाने आपण पत्ता सांगतो, त्यांनी केलं तरी काय? पहिलं वाक्य हेच.

११.०० : स्लाइड. १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’, १९०७ मध्ये नागपूरहून ‘हिंदी केसरी’, पुढे टिळकांच्या ‘गीतारहस्या’चं हिंदी भाषांतर, १९२६ मध्ये रायपुरात निधन. सगळं एकाच स्लाइडवर कोंबलं होतं. आता एका स्लाइडवर एकच वर्ष, तेही शेवटच्या रांगेतून वाचता येईल एवढ्या अक्षरात.

दुपारी २.०० : ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही सप्रेंची १९०१ मधली गोष्ट. जमीनदाराने विधवेची झोपडी बळकावलीय. ती तिथली टोपलीभर माती मागते आणि टोपली उचलून द्यायची त्यालाच विनंती करते. तो वाकतो, टोपली हलत नाही. इथे थांबायचं. दोन श्वास. मगच तिचं बोलणं.

५.०० : सभागृहात लवकर पोचले. मागच्या खुर्चीत बसून पडदा पाहिला, साउंडवाल्याकडून माइक तपासून घेतला. वीज गेली तर हाताशी असाव्यात म्हणून पाच ओळी कागदावर.

७.१० : आधीची भाषणं लांबली. सूत्रसंचालक कानाशी येऊन म्हणाले, “ताई, बारा मिनिटांत आटपाल ना?” भरभर बोलून वीस मिनिटं बारात बसवता येत नाहीत. लाल खुणेचा सगळा मजकूर सोडला. मैदान, टोपली आणि शेवट ठेवला. टोपलीपाशी सभागृहही माझ्याबरोबर थांबलं.

७.३० : प्रश्न. एका शाळकरी मुलाने हिंदीत विचारलं, ‘मित्र’ बंद का पडलं? तीन वर्षं चाललं, पैशांची जुळवाजुळव होईना, १९०२ अखेर थांबलं. हे उत्तर गाळलेल्या भागातलं. लाल खुणेचं सामान असं मागितल्यावर द्यावं. तेव्हा लोक ते कान देऊन ऐकतात.